आतून आलेला खोकला

मंडळी, बाहेरचं-बिहेरचं मी कधी मानलं नाही. उलट, "संडासात कायतरी असतं" म्हणून आत न जाणाऱ्या सासवांना हाताला धरून आत नेणारी बाई मी! संडास कसा बांधावा, कसा स्वच्छ ठेवावा, याचं ट्रेनिंग मी गावोगावच्या बायांना देते. शाळा कमीच शिकले, हे सगळं कामातच शिकले.

तर झालं असं... जिंतूरहून चारठाण्याकडं जाताना एक गाव लागतं. तिथल्या शाळेत रविवारी बचत गटाच्या बायांचं ट्रेनिंग होतं. भर दुपार. शाळेमागं एक जुना संडास, थेट खड्ड्यावरच बांधलेला. "आज हाच घासायचा," मी म्हटलं. शोभा नावाची लेकुरवाळी पोरगी ब्रश घेऊन पुढं झाली.

आता आमच्या बायांची एक रीत आहे. दाराला कडी असो-नसो, आधी बाहेरून खोकायचं. आत कुणी असली तर ती उलट खोकते. शोभा खोकली — आणि आतून खोकला आला. म्हातारीचा, थकलेला, पण स्पष्ट.

"ओ मावशी, कुनीतरी बसलंय."

"मग थांब की गं! तुला काय यष्टी गाठायचीय?"

बाया हसल्या. आम्ही दारासमोरच लिंबाच्या सावलीत थांबलो. बराच वेळ झाला.

"म्हातारी झोपली का काय आत!" म्हणत शोभा उठली, तोच धाडकन आवाज झाला. मी पळत जाऊन दार ढकललं... पुढं जमीनच नव्हती. भांड्यासकट स्लॅब खड्ड्यात.

"अगं बाई, म्हातारी!" शोभा किंचाळली.

माणसं धावली, दोर आले, बांबू आले. मशीन बोलावून खड्डा उपसला, आत कुणीच सापडलं नाही. दुसऱ्या बाजूनं घरोघर विचारलं. कुणाचीच म्हातारी कमी नव्हती.

स्लॅब का पडला, ते मी सांगते. खड्ड्याला वासाचा पाइप नव्हता. आतल्या आत कोंडलेल्या गॅसनं सिमेंट-सळया खाल्ल्या. त्यात काही नवल नाही. पण खोकला? दाराशिवाय तिथं साधा झरोका नव्हता, आणि तो खोकला आम्ही सगळ्यांनी ऐकला.

शोभा अजून फोन करते. "मावशी, आपुन तिला तितंच ठिवून तर न्हाई ना आलो?"

नाही. बॅटरी मारून खड्ड्याचा तळ मी स्वतः पाहिलाय, हे ठाम सांगते. त्यापुढचं मला काही सांगता येत नाही.