राखणदाराला ऐकू जाईल असं

गळ्याच्या ऑपरेशननंतर माझा आवाज गेला, तेव्हा मी देवाशी भांडले. भांडणसुद्धा कुजबुजत करावं लागलं, त्याचा राग वेगळाच. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे. आवाज परत येईल, कदाचित येणारही नाही. हे कोणाला सांगत होते ते? मी नुसती हाक मारली तर इथे परदेशात, क्लेमेंटीतला आमचा अख्खा ब्लॉक खिडकीत यायचा! दर गणपतीत मी मालवणी गाऱ्हाणं घालायचे, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मोठ्याने मागणं मागायचे, आणि पुण्या-मुंबईची इंजिनिअर मंडळी मागून 'व्हय म्हाराजा' म्हणून गरजायची. गावच्या देवळात हा मान पुरुषांचा, बायकांनी मागे उभं राहायचं. मी मागे उभी राहून सगळं पाठ केलं आणि इथे येऊन पुढे उभी राहिले. आणि आता घशात नुसती हवा. त्या वर्षी मी गणपतीला स्पष्ट सांगितलं, आवाज देत नाहीस तोवर आरती नाही. टाळ्यासुद्धा नाहीत. बसले हाताची घडी घालून.

शेजारच्या फ्लॅटमध्ये एक मलय म्हातारी राहते. सगळे तिला मक्चिक, म्हणजे मावशी, म्हणतात. तिचे लोक समुद्राचे. इथे शहर उभं राहायच्या कितीतरी आधीपासून होड्यांवर आणि बेटांवर राहणारे. पुढे बेटं रिकामी करून त्यांना फ्लॅटमध्ये आणलं. तरी ती भाच्याच्या बोटीतून अधूनमधून आपल्या बेटावर जाऊन येते. तिथे पाण्याच्या कडेला एक काळा कातळ आहे आणि त्यात तिचे राखणदार आजोबा-आजी, म्हणजे पूर्वज, राहतात. माझं बंद तोंड बघून तिला चैन पडेना. "रविवारी चल लाह," ती इथल्या लकबीत म्हणाली. "घरात बसून भुतासारखी दिसायला लागलीस."

मी गेले, ते श्रद्धेने नाही, हट्टाने. आपला देव ऐकत नाही तर दुसऱ्याचा बघू! पिशवीत नारळही घेतला.

बेटाजवळ मक्चिक गुडघाभर पाण्यात उतरली, कातळाकडे तोंड करून म्हणाली, "आजोबा, आजी, नातवंडं आलीत. येऊ द्या." मग माझ्याकडे वळली. "आता तू विचार. तू तर बाहेरची, तू आधी विचारायला हवं."

मी कुजबुजले.

"ऐकू गेलं नाही. म्हातारे आहेत ते, बहिरे झालेत."

"डॉक्टरांनी ताण देऊ नको म्हटलंय, मक्चिक."

"बेटावरचं घर सोडताना सरकारी साहेब मला म्हणाला, हे सगळं विसरून जा. मी म्हटलं, तू विसर. विचार मोठ्याने!"

मला राग आला, आणि रागात तोंडून गाऱ्हाणं सुटलं. "बा देवा म्हाराजा, ह्या बेटाच्या राखणदारा, तुजी माजी वळख नाय. तुजी भास माका येना नाय. पण तुज्या पाण्यात पाय ठेवलंय, तेका परवानगी दी रे म्हाराजा!" सुरुवात हवेतच गेली. 'परवानगी'ला घसा खरखरला, आणि 'म्हाराजा' कातळावर आपटून परत आलं. सवयीने मी 'व्हय म्हाराजा'साठी थांबले. मागून मक्चिकने दणदणीत हुंकार दिला, बोटीतून भाच्यानेही दिला. त्यांना एकही शब्द कळला नव्हता. मी पाण्यात उभी राहून ढसाढसा रडले, तेही मोठ्याने.

नारळ कातळावर फोडणार, तोच मक्चिकने तो काढून घेतला. "वेडी आहेस? कालवणाला लागेल."

डॉक्टर म्हणतात, अशी नस कधीकधी आपोआप जागी होते. झाली असेल. मी वाद घालत नाही, आणि मी वाद घालत नाही ही माझ्या घरात बातमीच आहे. मला एवढंच कळतं की इतके महिने मी 'माझा' आवाज मागत होते. त्या दिवशी फक्त पाय ठेवण्यापुरती जागा मागितली. गणपतीची आरती मग म्हटली, त्याचीही क्षमा मागून. माझ्याच पद्धतीने, थोडी भांडत.

गावी फोन करून हे सांगितलं, तर देवळात गाऱ्हाणं घालणारा चुलतभाऊ खवळला. "बायलेन गाऱ्हाणा घालूक कोणी सांगल्यान तुका?"

"थयल्या म्हाताऱ्यांका इचारलंय, दादा. तेंची ना नव्हती."

इतक्या जोरात बोलले की शेजारून मक्चिकने भिंतीवर थाप मारली. मी भिंतीकडे वळून हात जोडले. आवाज मात्र कमी केला नाही.