गोणपाटातले शंभर हरभरे

मी आणि माझ्या बायकोनं मिळून शेवटचं साधं काम केलं ते हरभऱ्याचं. दिवस मावळायला आला होता. ओट्यावर धुतलेलं गोणपाट पसरलं होतं. ती निवडलेले दाणे मोजून माझ्या हातावर ठेवत होती आणि मी ते मांडत होतो. दहा ओळी, ओळीत दहा. पेरणीआधी बेणं उगवतं की नाही हे आमच्याकडे असंच बघतात. दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, सुतळीनं बांधायचे, सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं आणि सहाव्या दिवशी उलगडून कोंब मोजायचे.

यंदा मात्र हे शाळेसाठी होतं. ती गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. चौथीच्या मॅडम तिला म्हणाल्या, पुस्तकातलं बी पोरांना खरंखुरं दाखवायचं आहे. हिनं माझं नाव सांगून टाकलं. मी चौथी नापास, त्यात तोंडाचा फटकळ. पोरं आमच्या ओट्यावर चढली की हाकलणारा. म्हणून त्या संध्याकाळी ती माझी तयारी करून घेत होती. मांडी घालून समोर बसली आणि म्हणाली, "मी चौथीतली पोरगी हावो. शिकवा मले."

मी म्हणालो, "शंभरातले ऐंशीच्या वर निंगाले तं बेणं चांगलं. कमी निंगाले तं भाजून खा."

"झालं?"

"आता अजून काय राह्यलं?"

"अवो, सारं तुमीच सांगून टाकलं तं लेकरानं काय करावं? इचारा, आन् मंग गप राहा. उत्तर पोटात ठेवत जा."

तीनदा तिनं माझ्याकडून म्हणवून घेतलं. तिन्ही वेळा मी उत्तर सांगून मोकळा झालो. शेवटी तिनं हात झटकले, गुंडाळी बांधली आणि रांजणामागे उभी केली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली, छातीत कसंतरी होते म्हणाली आणि ओट्यावर टेकली. दवाखान्यात न्यायला कामरगावहून जीप येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आम्हाला दोन पोरी, दोघीही सासरी. अग्नी मीच दिला. आमच्यात अग्नी देणाऱ्यानं दहा दिवस वेगळं बसायचं असतं, घरातल्या कशालाही हात लावायचा नसतो. माझी घोंगडी अशा कोपऱ्यात टाकली होती की समोरच रांजण, आणि त्याच्यामागून गुंडाळीचं टोक दिसायचं. पहिल्या दिवशी गोणपाट काळपट, ओलं होतं. दुसऱ्या दिवशी कडा पांढऱ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी ते पार वाळलं.

पोरी दिवसातून दहा वेळा रांजणावर वाकून पाणी काढायच्या. त्यातल्या एकीला एवढंच म्हणायचं होतं, त्या पोत्यावर तांब्याभर पाणी टाक वं. जन्मभर मी कोणाची भीड ठेवली नाही, सरपंचाला तोंडावर बोललो. पण तेव्हा तोंड उघडेना. माय जाऊन दोन दिवस झाले नाहीत आणि बापाला हरभऱ्याचं पडलं, असं पोरींना वाटलं असतं. भेटायला आलेली माणसं मांडीला मांडी लावून बसायची, सोयाबीनचं बोलायची. मी मान हलवायचो. नजर मात्र त्या टोकावर.

तेरवी झाली, पोरी आपापल्या घरी गेल्या. घोंगडी उचलली, पण मी त्या कोपऱ्यातून हललो नाही. तिथंच जेवायचं, तिथंच आडवं व्हायचं. आता कोणाची आडकाठी नव्हती, तरी गुंडाळीला हात लावला नाही.

मग एक दिवस मॅडम आल्या. चहा घेतला नाही, दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं की गेली त्या दिवशी सकाळी हिनं पोरांना विचारलं होतं, माह्या घरी शंभर दाणे ठेवले, त्यातले किती उगवतीन? प्रत्येकानं आपापला आकडा खिचडीच्या खोलीच्या भिंतीवर कोळशानं लिहिला होता. आता पोरं ती भिंत पुसू देत नव्हती. "बाबा, तासभर या फक्त," त्या म्हणाल्या. मी सांगितलं, मले चौथी निंगाली नाही, मी चौथीले काय शिकवू? त्या म्हणाल्या, शिकवू नका, आकडा तेवढा सांगा. नाही म्हणायला जागाच उरली नाही.

गेलो, रिकाम्या हातानं. तिथं व्हायचं तेच झालं. बेणं, ओल, कोंब, ऐंशीचा हिशेब, सगळं पाच मिनिटांत बोलून टाकलं. पोरांनी वहीत उतरवलं आणि माझ्याकडं बघत बसली. मग पहिल्या ओळीतल्या दोन वेण्यांच्या पोरीनं विचारलं, "आबा, मंग आजीच्या पोत्यातले किती निंगाले?"

मी भिंतीकडं पाहिलं. पंचवीस-तीस आकडे होते. सगळ्यांत खाली वाकड्या अक्षरात ब्याण्णव. ते तिचं अक्षर होतं, तिचा दोन मी लांबूनही ओळखतो. ब्याण्णव म्हणालो असतो तर ती जिंकली असती आणि मीही सुटलो असतो. कोणी तपासायला येणार नव्हतं. आकडा जिभेवर आला होता.

"उद्या सांगतो," म्हणालो आणि उठलो.

घरी येऊन रांजणामागं हात घातला. गुंडाळी लाकडासारखी कडक झाली होती. उलगडायला गेलो तर आत काहीतरी तुटल्याचा आवाज आला. पहिल्या दिवसाच्या ओलीवर दाण्यांनी मुळं सोडली होती, ती तागाच्या विणीत शिरून तिथंच वाळली होती. काहींवर बुरशी. अर्धी उलगडली आणि तशीच परत गुंडाळली. मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडाळी काखेत मारली, धुतलेलं एक गोणपाट आणि शेरभर हरभरा पिशवीत घेतला आणि शाळेत गेलो. खिचडीच्या खोलीत भिंतीपुढं गुंडाळी पसरली. पोरं गोल करून बसली.

"याले असं काहून झालं?" मी विचारलं, आणि गप बसलो.

एकजण म्हणाला उंदीर. एक म्हणाला बेणंच खराब. दोघांचं त्यावरून भांडण लागलं. मी दात आवळून बसलो. दोन वेण्यांच्या पोरीनं एक वाळलेलं मूळ नखानं सोडवलं, गोणपाटावर हात फिरवला.

"पाणीच नाही भेटलं याले," ती म्हणाली. मग माझ्याकडं पाहिलं. "पाणी कोनं टाकाचं होतं, आबा?"

"म्या," मी म्हणालो.

मी पिशवीतलं गोणपाट काढलं, बादलीत बुडवलं, पिळलं आणि त्यांच्यापुढं पसरलं. पोरीनं हरभऱ्यात हात घातला आणि एकेक दाणा मोजून माझ्या हातावर ठेवू लागली.