एकाच नावाच्या दोन फायली

मेघा खरात पुंडलिकनगरात आईसोबत राहायची. बी.सी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वडील गेले आणि शिक्षण तिथंच थांबलं. पुढं टँकरनं पाणी पुरवणाऱ्या एका संस्थेत तिला कॉम्प्युटरवरचं काम मिळालं.

२०१६ चा उन्हाळा होता. शहराच्या कडेनं उठलेल्या नव्या इमारतींनाही टँकर लागत होते, खेड्यांना तर लागतच होते. संस्थेकडं सत्त्याऐंशी गावं होती. कुठल्या वस्तीला किती खेपा हव्यात, याची एक एक्सेल फाइल प्रत्येक गावातून रोज सकाळी ई-मेलनं यायची. मेघा एकेक मेल उघडायची आणि जोडलेली फाइल त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. त्यावरून व्यवस्थापक श्रीनिवास देशपांडे दुपारपर्यंत ड्रायव्हरांची यादी काढायचे.

मे महिन्यात एका सकाळी खुलताबादकडच्या एका वस्तीवरून चतुराबाई आल्या. साठीच्या असतील. खुर्ची दिली तरी कडेलाच बसल्या.

"तीन दिस झाले, टँकर नाय आलं," त्या म्हणाल्या. "कडूबा म्हनतो, मी रोज कागद धाडतो. मग पानी कुठं चाललंय, ते बघाया आले."

कडूबा त्यांच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर चालवायचा. देशपांडे म्हणाले, "त्यानंच पाठवला नसेल. ही माणसं विसरतात."

मेघानं मेल तपासले. तीनही दिवसांचे कडूबाचे मेल होते, फायलीही जोडलेल्या होत्या. फोल्डरमध्ये मात्र त्यातली एकही नव्हती. मग तिच्या लक्षात आलं. कडूबाच्या फायलीचं नाव 'बुक१' होतं. तीन दिवसांपासून आणखी एका गावाची फाइलही त्याच नावानं येत होती आणि ती कडूबाच्या नंतर यायची. या नावाची फाइल आहे, ती बदलायची का, असं कॉम्प्युटर विचारायचा. घाईत मेघाचं बोट 'होय'वर जायचं. दुसरी फाइल बसायची, पहिली पुसली जायची.

गप्प बसली असती तर दोष कडूबावर गेला असता.

"त्यानं पाठवली होती, सर," ती म्हणाली. "माझ्या हातून पुसली गेली. मावशी, चूक माझी आहे."

"बरं झालं सांगितलंस," चतुराबाई म्हणाल्या. " कडूबाला लई बोललो आम्ही."

देशपांडेंनी लगेच एक टँकर वळवला. चतुराबाई त्याच्याच केबिनमध्ये बसून परत गेल्या.

मेघाला त्यानंतर प्रत्येक फाइल तीन-तीनदा तपासायची सवय लागली. काम उरकेना, जेवण जाईना. शेवटी ती देशपांडेंना म्हणाली, "हातानं केलं तर हे परत होणार. आपण मेल बघतो त्या आउटलुकमध्ये छोटा प्रोग्राम लिहिता येतो. मेल आला की फाइल आपोआप फोल्डरमध्ये जाईल, नावापुढं गाव आणि वेळ लागेल. मग दोन नावं सारखी होणारच नाहीत."

"जमेल तुम्हाला?"

"कॉलेजात थोडं शिकले होते. बघते."

जेवणाच्या सुट्टीत ती इंटरनेटवर वाचायची, चार ओळी लिहायची आणि चालवून बघायची. पाचव्या दिवशी प्रोग्राम चालला. फोल्डर उघडून देशपांडे बुचकळ्यात पडले. "मेघाताई, ही गुलाबाची फुलं कसली?"

मेलच्या तळाशी लोक सहीसोबत फुलं, मंदिरं, बोधचिन्हं टाकायचे. प्रोग्रामनं ती सगळी चित्रं इमानदारीनं साठवली होती. कित्येक दिवसांनी मेघा हसली. फक्त एक्सेलच्याच फायली घ्यायच्या, अशी ओळ तिनं घातली.

तरी विश्वास बसायला वेळ लागला. आठ दिवस तिनं दोन्ही केलं. हातानं वेगळं फोल्डर, प्रोग्रामचं वेगळं. रोज दोन्ही मोजून बघायची. सातव्या दिवशी एक फाइल कमी भरली, ती तिच्या हाताच्या फोल्डरमध्ये. नवव्या दिवसापासून तिनं हातानं साठवणं बंद केलं.

सकाळचे दोन तास मोकळे झाले. कुणाची फाइल आली नाही, त्याची यादी प्रोग्रामच देईल, अशी सोयही तिनं केली. मग ती त्या गावांना फोन लावायची. कुठं वीज नसायची, कुठं माणूस आजारी असायचा. मागणी फोनवरच लिहून घ्यायची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मेघानं दोन महिन्यांत पहिल्यांदाच रजा टाकली. जाताना देशपांडेंना एवढंच सांगितलं, "सकाळी मशीन चालू करून आउटलुक उघडा. बाकी ते करतं."

दवाखान्यात साडेदहाला त्यांचा फोन आला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला.

"ऐंशी आल्या," देशपांडे म्हणाले. "राहिलेल्या सात गावांना मी फोन केला. यादी झाली. तुम्ही आईंकडं बघा."

मेघानं फोन पर्समध्ये टाकला. डोळ्यावर पट्टी बांधलेली आई विचारत होती, "जावं लागतंय का गं?"

"नाय," मेघा म्हणाली, आणि तिच्यासाठी चहा आणायला उठली.