रेडिएटरवरचं गंध

उगाळलेल्या चंदनाचा वास आला की मला कोवलमची वाळू आठवते. मी उडायला शिकत होतो तेव्हा दसऱ्याच्या आयुधपूजेला आमच्या दोन माणसांच्या छोट्या विमानाच्या रेडिएटरला मी हौसेने जाडजूड गंध फासलं होतं. दुसऱ्या दिवशी उडताना तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, शेजारी बसलेल्या, मला शिकवणाऱ्या सरांनी इंजिन बंद केलं आणि आम्ही कसेबसे किनाऱ्यावर उतरलो. जाळीत वाळलेलं गंध नखाने खरवडत सर ओरडले, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "मेकॅनिकनं." म्हातारा मेकॅनिक जीपमधून उतरून धावत आला, तो माझ्यासाठी पाणी घेऊन. "तंबी, लागलं नाही ना?" मला तो तंबी, म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ, म्हणायचा. सरांनी त्याला तिथेच कामावरून काढलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी पाणी प्यायलो. आता मीच शिकवतो. रेडिएटरला गंध का लावायचं नाही, असं विद्यार्थ्यांनी विचारलं की त्यांना एका मूर्ख मेकॅनिकची गोष्ट सांगतो.