डावखुरा टाका

साठी उलटली, पुढचे दोन दात गेले, तरी गल्लीतली शाळकरी पोरंसुद्धा त्यांना 'धाकटे'च म्हणायची. सोफे आणि खुर्च्या नव्याने भरून, त्यांना कापड चढवून देण्याचं दुकान दोघा भावांचं. एक थोरले, एक हे. थोरले तीन वर्षांपूर्वी गेले. खरं म्हणजे त्या दिवशी धाकट्यांना बढती मिळायला हरकत नव्हती, पण ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्यांच्याही नाही. नवं गिऱ्हाईक येऊन "मालक कुठे आहेत?" म्हणालं, की हे अजून "येतीलच एवढ्यात" म्हणून मोकळे व्हायचे. गिऱ्हाईक बसायचं. वाट बघायचं. मग धाकट्यांनाच ओशाळल्यासारखं व्हायचं आणि ते हळूच म्हणायचे, "माझ्याशी बोललात तरी चालेल."

थोरले डावखुरे होते. घरात कुणी डावखुरा नव्हता, पुढेही झाला नाही. हे सांगायचं कारण असं, की त्यांच्या धंद्यात हात ओळखू येतो. खुर्चीच्या बैठकीत काथ्या भरला, की त्यावर गोणपाट ताणतात आणि कडेने वाकड्या सुईने जाड दोऱ्याचे टाके घालतात. सगळा भार त्या कडेवर. ती घट्ट बसली तर माणूस खुर्चीत राजासारखा बसतो. सैल राहिली तर हळूहळू पुढे घसरतो आणि उगाच स्वतःच्या पोटाला दोष देतो. पण एवढा मोलाचा टाका वरच्या कापडाखाली कायमचा झाकला जातो. तो पुन्हा बघायला मिळतो ती खुर्ची उघडणाऱ्यालाच, म्हणजे दुसऱ्या सोफावाल्याला. थोरल्यांचे टाके डावीकडे कललेले, धाकट्यांचे उजवीकडे. दोघांनी मिळून केलेला सोफा उघडला, तर दोन बाजूंचे टाके एकमेकांशी भांडून तोंड फिरवल्यासारखे दिसायचे.

भांडण तसं कधी झालं नाही. थोरल्यांच्या तोंडात दिवसभर बारीक खिळे धरलेले असायचे, बोलणार कसे? धाकट्यांची कड शिवून झाली, की थोरले डोळे मिटून तिच्यावरून आपला दगडासारखा टणक अंगठा फिरवायचे. अंगठा कुठे अडला, की कात्री घेऊन तेवढे टाके कापायचे, खुर्ची परत धाकट्यांपुढे सरकवायचे आणि आपल्या कामाला लागायचे. शाबासकीची पद्धतही ठरलेली होती. खुर्ची सरकवायचे नाहीत.

थोरले गेले, पण गावभर त्यांनी शिवलेल्या खुर्च्या होत्याच. त्या झिजून परत येऊ लागल्या. जुनी खुर्ची उघडणं म्हणजे कुणाच्या घरात न सांगता शिरण्यासारखं असतं. गोणपाटाखाली काय काय सापडतं! कंगवे, बटणं, चष्म्याची काडी, एकदा तर अर्धी कवळी. (ती परत द्यायला गेल्यावर त्या घरात "आमची नाहीच" म्हणून चौघांनी आपापले दात दाखवले.) धाकट्यांना मात्र दर दुसऱ्या खुर्चीत थोरले सापडत. वरचं कापड टराटरा निघालं, की खाली ते डावीकडे कललेले टाके. धाकटे हातातला चिमटा खाली ठेवत आणि म्हणत, "काय दादा, बरं आहे ना?" मग काम पुढे चालवायचं तर ते टाके कापावे लागत. एकेका खुर्चीगणिक दादा गावातून कमी होत होता, आणि कमी करणारे हात यांचेच.

इथपर्यंत सगळं दुःखाचं, पण हिशेबातलं. हिशेब चुकला तो दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीपाशी.

दवाखान्यात बाहेर बसायची ती खुर्ची. वाट बघून घाबरलेल्या कुणीतरी किल्लीने तिचं रेक्झीन उकरून फाडलं होतं. काम किरकोळ. खुर्चीही ओळखीची, मागच्याच वर्षी धाकट्यांनी स्वतः भरलेली. रेक्झीन त्यांनीच निवडलं होतं, तेही डॉक्टरांशी वाद घालून. त्यांनी ते सोलून काढलं आणि हात तसाच राहिला.

खालचे टाके डावीकडे कललेले होते.

त्यांनी खुर्ची उलटी करून पाहिली. चष्मा पुसून पाहिलं. काथ्या त्यांचा, गोणपाट त्यांचं, खिळे त्यांच्या हातचे, जरा वाकडेच. टाका मात्र त्या माणसाचा, ज्याला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. भर दुपारची वेळ, समोर रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता, आणि धाकट्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले.

त्यांनी हे सांगितलं फक्त कापडवाल्याला. कापडवाला त्यांचा जुना दोस्त. तागे, कटपीस, पडदे, फोम, सगळा माल त्याच्याकडेच. गादीवर आडवं पडून गिऱ्हाईकाला रंग सुचवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"म्हणजे दादा रात्रपाळीला येतात?" तो म्हणाला.

"थट्टा करू नकोस रे."

"थट्टा कसली? जेवण नको, सुट्टी नको, उचल नको. असा कारागीर मिळत असेल तर माझ्याकडे पण एक पाठव. दोन ताग्यांच्या घड्या घालून घेतो."

"माझी कड कापून त्याने परत शिवली आहे. पूर्वी करायचा तशीच."

कापडवाला उठून बसला. "चांगली शिवली आहे?"

धाकट्यांनी समोरच्या ताग्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगली."

खरी जखम ती होती. भुताची भीती एका बाजूला. भूत बरोबर होतं, हे जास्त वाईट. वर्षभर त्यांच्या उजव्या हाताची बोटं मधूनच बधिर व्हायची. दोरा ओढला, की तो ताणला गेला की नाही हे बोटांना कळायचंच नाही. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही अर्धवटच सांगितलं होतं. आणि आता ज्याच्या अंगठ्याला जन्मभर भ्याले, तो अंगठा परत कडेवरून फिरत होता.

एकदा खात्री करावी म्हणून त्यांनी निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची आरामखुर्ची हातात घेतली. बाईंना जुन्यासारखंच कापड हवं होतं, हिरवट, बारीक पानांचं. आधीच्या कापडाची चिंधी त्यांनी पाकिटात घालून दिली होती आणि बजावलं होतं, "साधारण तसं नको हं. तसंच हवं." धाकट्यांनी जीव ओतून कड शिवली आणि दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर चिंधी घेऊन कापडाच्या शोधात निघाले. कापडवाल्याकडे पानं होती तर हिरवी नव्हती, हिरवं होतं तर पानं केवढाली. पुढच्या दुकानात "असलं आता कोण घेतं काका?" असं ऐकून घेतलं. संध्याकाळी रिकाम्या हाताने परत आले. खुर्ची जागची हलली नव्हती. जमिनीवर दोऱ्याचा तुकडा नव्हता. आणि पुढची सगळी कड डावीकडे कललेली.

डोळे मिटून त्यांनी अंगठा फिरवला. अंगठा कुठेच अडला नाही.

दुकानाच्या डोक्यावर घर होतं. तिथे वहिनी राहायच्या. धाकट्यांचं लग्न 'बघू, बघू' करता करता राहून गेलेलं, तेव्हा झोपायला दुकानामागची खोली आणि जेवायला वर, असा शिरस्ता. त्या दिवशी पानावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "वहिनी, दुकान बंद करतो."

वहिनींचा वाढता हात थांबला. "का हो भाऊजी?"

"दादाला माझं काम पसंत नाही."

दुसरी एखादी बाई हसली असती, नाहीतर रडली असती. वहिनींनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानेच. त्याच्या पद्धतीने." मग डॉक्टरांच्या खुर्चीपासून सगळं सांगून टाकलं. बोटांचंसुद्धा. "बाईंची खुर्ची झाली, की शटर ओढतो. जन्मभर त्याने माझे टाके कापले, आता निदान त्याला सुखाने राहू दे."

"मुख्याध्यापिकाबाईंचं कापड मिळालं का?" वहिनींनी विचारलं.

"उद्या परत जातो."

"जा. बघून घ्या नीट, घाई करू नका," त्या म्हणाल्या, आणि पाणी आणायला आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी धाकटे निघाले खरे, पण कापडवाल्याने या खेपेला बसूच दिलं नाही. माळ्यावरून एक कटपीस काढून त्याने तयार ठेवला होता. हिरवट, बारीक पानांचा, घडीवर जरा उन्हाने विटलेला. "तुझ्या दादांनीच मागवला होता कधीतरी. न्यायचा राहिला," तो म्हणाला, आणि धाकट्यांचा चेहरा बघून पुढची थट्टा गिळून टाकली.

कटपीस काखेत मारून धाकटे गेल्या पावली परत आले. दुकानाचं शटर कमरेपर्यंत ओढलेलं. आत चाहूल. पळून जावं असं पायांना वाटत होतं. ते वाकले.

आरामखुर्चीसमोर, बुटक्या स्टुलावर, पाठमोरं कुणीतरी बसलं होतं. डावा हात कडेत घुसायचा, सुई घेऊन वर यायचा, आणि दोरा पुरता ताणला की डावा खांदा एकदा कानापर्यंत उचलला जायचा. तो खांदा धाकट्यांनी लहानपणापासून पाहिला होता. आईने चिडवलं, बायकोने चिडवलं, पण दादाचा खांदा काही खाली राहिला नाही. दोरा सुटण्याचा आवाजही तोच, बारीक, गोणपाटावर नख ओढल्यासारखा.

"दादा," ते म्हणाले. मोठ्याने म्हणायचं नव्हतं, निघालं.

आकृती वळली. तोंडात खिळे होते आणि कपाळावर घामाने चिकटलेले पांढरे केस. वहिनी.

धाकटे शटरखालून आत आले आणि काथ्याच्या ढिगावर मटकन बसले. वहिनींना बोलणं शक्यच नव्हतं. त्यांनी एकेक खिळा तळहातावर काढला.

"तुम्ही होय?" धाकटे म्हणाले. "इतके दिवस मी दिवा लावून झोपतोय!"

"मला काय माहीत तुम्ही भ्याल म्हणून? तुम्हाला कळणारच नाही असं वाटलं होतं."

"टाका डावीकडे कललेला मला कळणार नाही?"

"ते माझ्या कुठे लक्षात आलं?" वहिनी म्हणाल्या. "पहिल्यांदा खाली आले ती झाडायला. डॉक्टरांच्या खुर्चीला हात लावला तर रेक्झीनखाली कड हलली. रेक्झीन उचकून शिवली आणि तुमच्याच खिळ्यांनी परत ठोकलं. तुम्हाला बोलले असते तर तुम्ही त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावलं असतं. तुम्हाला मी ओळखत नाही? आणि कुलूप लावून काय केलं असतं? दोघं वर बसून एकमेकांची तोंडं बघितली असती."

"पण तुम्हाला हे शिकवलं कधी त्याने?"

"कुणी शिकवलं नाही." त्यांनी मांडीवरच्या सुईकडे बघितलं. "मी सुया ओवून द्यायचे, बस्स. तेवढंच माझं काम."

"मग डाव्या हाताने का शिवता? तुम्ही तर भाजी उजव्या हाताने चिरता. सही उजव्या हाताने करता."

वहिनींनी डाव्या हाताची बोटं पदराला पुसली. बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"उजव्या हाताने करून बघितलं भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "जमत नाही. दोरा गुंतायचा, सुई बोटात जायची. एकदा कंटाळून सुई या हातात घेतली. मग तो थांबेचना. मी बघत बसते नुसती. कड संपली, की माझं मलाच कळत नाही कुठून कुठवर आले ते." मग खांदा चोळत, "खांदा दुखतो संध्याकाळी. इथं, डावा. यांचाही दुखायचा."

धाकट्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण आता त्यात पळून जाण्यासारखं काही नव्हतं. ते उठले आणि डोळे न मिटता कडेवरून अंगठा फिरवला.

"दुकान बंद करायचं म्हणता?" वहिनींनी विचारलं. "करा. पण एवढी खुर्ची होऊ दे. अर्धी टाकवत नाही हो."

धाकट्यांनी आपली बोटं उघडमीट करून पाहिली. कात्री धरता येत होती. कापड बेततानाचा त्यांचा डोळा अजून पक्का होता, एकही पान कापून दोन्हीकडे अर्धं अर्धं जाऊ द्यायचे नाहीत. त्यांनी काखेतला कटपीस टेबलावर पसरला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, वाकून शटर पुरतं वर ढकललं. रस्ता आत आला. वहिनींनी घाईघाईने पदर सारखा केला.

"अहो, लोक बघतील!"

"बघू देत. कारागीर ठेवला आहे म्हणून सांगेन." त्यांनी स्टूल धरलं. "उठा जरा. उजेड चुकीच्या बाजूने घेता तुम्ही. डाव्या हाताची सावली टाक्यावर पडते. तोंड तिकडे करा, उजेड उजवीकडून हवा."

"तिकडे वारं लागतं."

"लागू द्या. अन् बुटकं पडतंय हे, खांदा दुखणार नाही तर काय? खाली पाट देतो."

स्टूल सरकलं, खुर्ची सरकली. वहिनींनी खिळे परत तोंडात घातले, त्यामुळे वाद मिटला. धाकट्यांनी कापडावर खडूची रेघ मारली आणि कात्री चालवली. मध्येच शिवण्याचा आवाज थांबला. दोरा संपला होता.

धाकट्यांनी रिळावरचा हातभर दोरा तोडला, मेणाच्या खड्यावरून दोनदा ओढून घेतला आणि मान न वळवता मागे धरला. चेहऱ्याकडे त्यांना बघायचं नव्हतं. डावा हात पुढे आला. अंगठ्याचं टोक त्यांच्या बोटांना लागलं, दाभणाच्या कामाने दगडासारखं झालेलं. धाकट्यांनी दोरा सोडला.