कंपनीचं पत्र आणि बाबू मिस्त्री

सोनपेठचे बाबू मिस्त्री बंदूक हातात आली की आधी तिचा वास घ्यायचे. डोळे मिटून, नळीच्या मागच्या तोंडाला नाक लावून. माझी रायफल पहिल्यांदा हुंगली आणि म्हणाले, "मालक, बार काढून तशीच ठेवता, तेल लावत न्हाई. लय आळस हाय तुमच्यात." ओळख ना पाळख आणि थेट तोंडावर! मला राग आला, पण बोलले ते खरं होतं.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. माझ्या विलायती रायफलीची जुनी काडतुसं मिळेनाशी झाली. मिळायची ती वेगळ्या मापाची आणि जास्त जोराची. नळीत काडतूस बसतं तेवढी जागा कोरून नव्या मापाची करायची होती. आधी मी रायफल बनवणाऱ्या कंपनीलाच पत्र घातलं होतं; तिचं इंग्रजी उत्तर मी मिस्त्रींकडे सोबत आणलं होतं. गोदाकाठच्या भुईमुगात रानडुकरं शिरत होती हे खरं, पण रायफल नुसती खुंटीला टांगलेली माझ्या ऐटीला सोसत नव्हती, हे त्याहून खरं.

मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं. "कंपनीनं काय लिवलंय? समदं वाचा," ते म्हणाले.

"नवी नळी बसवू, रायफल पाठवा, वर्ष लागेल म्हणतात."

"जुनी नळी जोर सोसंल का, त्याचं काही?"

"काही नाही."

ती ओळ माझ्या अंगठ्याखाली होती. जुन्या नळीचं पोलाद हा जोर सोसणार नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी हैदराबादेत शिकलेला माणूस धडधडीत खोटं बोललो.

"मग तुमच्या शब्दावर करायलो," म्हणत त्यांनी रायफल ठेवून घेतली.

तीन आठवडे राबले. वितळलेलं गंधक नळीत ओतून त्या जागेचा पिवळा साचा काढायचे, नव्या काडतुसाशी ताडून पाहायचे, पुन्हा केसभर कोरायचे. मी घाई केली की म्हणायचे, "पोलाद हाय मालक, एकदा काढलं की परत चिकटत न्हाई."

पहिले दोन बार त्यांनी रायफल बाभळीच्या बुंध्याला बांधून, लांबून दोरी ओढून काढले. दोन्ही नीट गेले. कंपनीवाले उगीच भितात, असं मी मनात म्हटलं. तिसरा बार ते नेहमी स्वतःच्या खांद्यावरून काढत. "दुसऱ्याच्या गालाला लावायची चीज आधी आपल्या गालाला लावावी," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. रायफल त्यांच्या गालाशी गेली तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही.

नळी मागच्या बाजूनं फुटली. मिस्त्रींचा उजवा डोळा गेला, उजव्या हाताची दोन बोटं गेली.

कुणी विचारलं की ते म्हणत, "माझ्याच हातानं जास्त कोरल्या गेलं." हळूहळू गिऱ्हाईक यायचं थांबलं. शेवटी दुकान आवरून ते वालूरला लेकीकडे कायमचे निघाले. मी मोटारीपर्यंत सोडायला गेलो. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमची चीज माझ्या हातानं खराब झाली मालक. तेच डोस्क्यात घोळायलंय. तेवढं माफ करा, म्हंजे मोकळ्या मनानं जातो."

खरं काय ते सांगून टाकायची तीच शेवटची वेळ होती. अगदी ओठावर आलं होतं. आजही त्या क्षणाची मला शिसारी येते. मी त्यांचा तीन बोटांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "जाऊ द्या मिस्त्री. केलं माफ."