प्रल्हादरावांच्या लॅपटॉपचा सत्यनारायण

आचोळ्याच्या प्रल्हाद खानविलकरांचा कंपन्यांवर भारी राग. निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी जावयाने भेट दिलेला महागडा लॅपटॉप पुसून कोरा केला आणि त्यात लिनक्स नावाची संगणकप्रणाली घातली. लिफ्टमध्ये भेटेल त्याला ते सांगत, "फुकट मिळतं म्हणून नाही हो, कुणाच्या मालकीचं नाही म्हणून!"

लॅपटॉपमध्ये का होईना, नवं बिऱ्हाड आलं म्हणजे सत्यनारायण हवाच. चौरंगाशेजारी लॅपटॉप मांडला, त्याला हळदकुंकू वाहिलं, अख्खा मजला जमला. आरती लॅपटॉपवरच लागायची होती. ती काही लागेना. आवाजाची चिप पडली कंपनीची, आणि ती बोलती कशी करायची हे कंपनीने कुणाला सांगितलेलंच नव्हतं.

सोवळं सावरत प्रल्हादराव पाटावर बसल्या बसल्या कमांड टाइप करू लागले. गुरुजींनी दोनदा घड्याळ बघितलं. प्रसादाचा शिरा गार झाला.

शेजारची रीमा हळूच म्हणाली, "काका, माझ्या मोबाइलवर लावू?"

"तोही कंपनीचाच!" काका गरजले.

शेवटी त्यांच्या बायकोने, लतिकाबाईंनी, टाळ उचलले आणि खणखणीत आवाजात आरती सुरू केली. अख्खा मजला मागोमाग गाऊ लागला. भिंती दणाणल्या.

आरती संपली तेव्हा प्रल्हादरावांचे डोळे भरून आले होते. "बघितलंत? याला म्हणतात स्वातंत्र्य! लागली का कुठल्या कंपनीची गरज?"

लतिकाबाईंनी त्यांच्या हातावर तीर्थ घातलं. "नाही लागली. लॅपटॉपचीसुद्धा नाही."